एडिंबराचं रॉक गार्डन, मे-जूनमध्ये: फुलांआधी खडी बघा

एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधलं रॉक गार्डन बघायचं असेल तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा तिसरा आठवडा एवढाच काळ धरा. एप्रिलमध्ये गेलात तर सॅक्सिफ्राज या खडकावरच्या झाडाच्या ठेंगण्या, घट्ट गाद्या आणि कंदफुलं मिळतील, जुलैत कॅम्पॅन्युला. पण रॅमोंडा, लेविसिया, डॅफ्नी, चंदेरी सॅक्सिफ्राज आणि निळी मेकोनॉप्सिस (हिमालयातली निळी पॉपी) एकाच फेरीत फुललेली बघायची तर हेच चार आठवडे. बागेत प्रवेश मोफत आहे. खडकावरची झाडं शिकायला ब्रिटनमध्ये याहून चांगली जागा नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. झाड फुललेलं तर कुठेही दिसतं. ते कशामुळे जगलं हे इथे उघड्यावर दिसतं.

रॉक गार्डन म्हटलं की आपल्याला चंदीगडची नेकचंद यांची शिल्पं आठवतात. तो प्रकार अगदी वेगळा. इथे रॉक गार्डन म्हणजे उंच डोंगरांवर, वृक्षांची हद्द संपते तिथून वर वाढणारी, बहुतेक वीतभर उंचीची झाडं दगडांच्या बेचक्यांत लावलेली बाग. आपल्या ओळखीचं जवळचं उदाहरण द्यायचं तर कासचं पठार. जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्या बोटभर मातीवर फुलांचा गालिचा. डोंगरमाथ्यावरच्या झाडांचं गणितही असंच आहे: माती कमी, दगड जास्त, आणि पाणी येतं ते थांबत नाही, वाहून जातं. कासला पाणी साचणारे खळगेही आहेत आणि तिथली झाडं त्या साचण्यावर जगतात; आल्प्स किंवा फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीजमधल्या कपारीतल्या झाडाला मात्र साचलेलं पाणी म्हणजे मरण.

हा मुद्दा नीट समजून घेतला नाही तर बागेतलं अर्धं वाया जातं. या झाडांना थंडी मारत नाही, हिवाळ्यातली ओल मारते. डोंगरावर हिवाळाभर त्यांच्यावर बर्फाचं पांघरूण असतं. बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहतं, आणि पाणी गोठलेलं असल्यामुळे झाड कोरडंच असतं. एडिंबरात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या साडेपाच हजारांपुढे हा आकडा काहीच नाही, पण तो बारा महिन्यांत विभागून पडतो. नोव्हेंबर ते मार्च रिपरिप सुरू असते आणि तापमान धड गोठणारंही नसतं. अशा वेळी झाडाच्या मानेपाशी, म्हणजे मूळ आणि पानं जिथे जुळतात त्या ठिकाणी, पाणी राहिलं की बुरशी धरते आणि वसंतात अख्खी गादी तपकिरी होऊन हातात येते. म्हणून इथे आल्यावर आधी वाकून झाडाची मान बघा. जवळजवळ प्रत्येक झाडाभोवती 2 ते 3 सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर दिसेल. ती सजावट नाही. मान कोरडी राहावी, पावसाचे थेंब पडून माती पानांवर उडू नये आणि खालची मुळं गार राहावीत, ही तीन कामं तो थर करतो.

फेरीची सुरुवात अल्पाइन यार्डापासून, म्हणजे या डोंगरी झाडांच्या छोट्या आवारापासून करा, बाहेरच्या मोठ्या उतारापासून नको. काचघरं, टफा नावाचा सच्छिद्र दगड आणि झाडं लावलेल्या दगडी डोणी तिथे एकत्र आहेत. जागा छोटी असली तरी शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे, आणि दुपारी गर्दी झाली की तिथे वाकून बघता येत नाही. शिवाय जेन्शियनसारखी फुलं ऊन असेल तरच उघडतात, ढग आला की मिटतात. तेव्हा सकाळी ऊन पडलं असेल तर आधी यार्ड उरकायचं. उलट निळ्या मेकोनॉप्सिसचा निळा रंग ढगाळ उजेडात खरा दिसतो. कडक उन्हात कॅमेऱ्यात तो जांभळट उतरतो. जूनमध्ये एडिंबरात साडेसतरा तासांचा दिवस असतो, त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

टफा आणि काचघरं

टफा हाऊस 2013 साली सुरू झालं. टफा म्हणजे चुना विरघळलेल्या झऱ्याच्या पाण्यातून साठत गेलेला सच्छिद्र चुनखडक. दिसायला वाळलेल्या स्पंजासारखा आणि मऊ इतका की साध्या ड्रिलनं भोक पडतं. तो खालून पाणी शोषून घेतो, पण भोकाभोवती हवा खेळती राहते. मुळाला ओल आणि मानेला कोरडेपणा एकाच वेळी मिळतो, आणि या झाडांना नेमकं तेच लागतं. वर काचेचं छप्पर आहे ते पाऊस अडवायला, ऊब द्यायला नाही.

टफात रोप कसं लावतात ते इथे जवळून बघता येतं, आणि घरी करायचं तर पद्धत अशी. सुमारे 2.5 सेंटिमीटर रुंद आणि 7 ते 10 सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, आतल्या बाजूला थोडं खाली उतरतं, म्हणजे पाणी मुळाकडे जातं. रोप कोवळं हवं. नुकतं मूळ धरलेलं छाटकलम सगळ्यात चांगलं. कुंडीत वाढलेलं मोठं झाड भोकात कोंबलं तर मुळं तुटतात आणि झाड कधी रुळत नाही. मुळांवरची कुंडीतली माती पाण्यात हलकेच धुवून काढायची. ती ठेवली तर तिच्यात पाणी धरून राहतं, आणि मुळं त्या मऊ गोळ्यातच घुटमळतात, टफात शिरतच नाहीत. मग मुळं भोकात सोडून भरड वाळू आणि टफाचाच चुरा काडीनं ठासायचा आणि तोंडाशी दगडाच्या कपच्या पाचरीसारख्या बसवायच्या. पहिले दोन महिने सावली आणि खालून ओल. पहिल्या उन्हाळ्यात झाड वाढलेलं दिसत नाही, ते तेव्हा मुळं सोडत असतं. त्याला ओढून बघायचा मोह टाळा.

टफावर डोळ्यांत भरतात ती चंदेरी सॅक्सिफ्राज. पानांच्या कडेला पांढरे ठिपके दिसतील. पानाच्या कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून चुना विरघळलेलं पाणी पाझरतं, पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. त्यांतली सॅक्सिफ्राजा लाँगिफोलिया ही पिरेनीजची राणी. एकच चक्राकार गुच्छ पाच-सात वर्षं, कधी त्याहून जास्त, नुसता पसरत राहतो आणि मग एका जूनमध्ये त्यातून दोन फुटांपर्यंतचा पांढऱ्या फुलांचा तुरा कमानीसारखा झुकतो. त्यानंतर झाड मरतं. बाजूला पिलं धरत नाही, त्यामुळे बी हाच मार्ग. तिच्याशी संकर करून काढलेलं 'टंबलिंग वॉटर्स' असाच तुरा देतं, पण बाजूला लहान गुच्छ धरतं आणि त्यांपासून रोपं करता येतात. घरच्या बागेला तेच घ्यावं.

डॅफ्नी पेट्रिया हे उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवराजवळच्या चुनखडीच्या कड्यांवरचं झुडूप. वीतभरसुद्धा नसतं; मेअखेर ते गुलाबी फुलांनी झाकून जातं आणि वास जवळ जाण्याआधीच येतो. स्वतःच्या मुळांवर ते फार सावकाश वाढतं, म्हणून बाजारात बहुधा दुसऱ्या डॅफ्नीवर केलेलं कलमच मिळतं. फिझोप्लेक्सिस कोमोसा हा आणखी एक बघायचा प्रकार: फिकट जांभळ्या कुप्यांचा झुपका, प्रत्येकीचं टोक काळपट आणि टोकदार. मूळ इटलीच्या डोलोमाइट पर्वतातलं, जूनच्या उत्तरार्धात फुलतं. बिनशंखाच्या गोगलगायींना ते इतकं आवडतं की उघड्या वाफ्यात एका रात्रीत बुडखा उरतो. टफाच्या उभ्या अंगावर लावण्याचा हा आणखी एक फायदा.

शेजारच्या पारंपरिक अल्पाइन हाऊसकडे लोक फुलांचं कपाट म्हणून बघतात आणि पुढे जातात. थोडं थांबून मांडणी बघा. मातीच्या कुंड्या वाळूच्या ओट्यात काठापर्यंत पुरलेल्या आहेत. मातीची कुंडी श्वास घेते. पाणी वाळूला घालायचं, ते कुंडीच्या भिंतीतून आत झिरपतं आणि झाडाच्या गादीवर थेंबही पडत नाही. उन्हात वाळू मुळं तापू देत नाही आणि हिवाळ्यात कुंडी गोठून तडकू देत नाही. झरोके जवळजवळ कायम उघडे असतात. फुलोरा संपला की कुंडी मागच्या राखीव जागेत जाते आणि तिथे दुसरी येते. म्हणून दोन आठवड्यांच्या अंतरानं गेलात तर ओटा बदललेला दिसेल. घरी प्लास्टिकच्या कुंडीत हीच झाडं मरतात याचं कारण बहुतेक वेळा एकच: प्लास्टिकच्या भिंतीतून पाणी बाहेर पडत नाही, आणि पाणी वरून झारीनं घातलेलं असतं.

दगडी डोण

गुरांना पाणी पाजायची डोण आपल्याकडे असते तशीच इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतांवर असे. त्या जुन्या डोणी आता बागेत आल्या आहेत. यार्डात त्यांच्या रांगेत उभं राहिलं की हाताच्या उंचीवर एकेक छोटा डोंगर दिसतो. ज्यांच्याकडे फक्त फरशीचं अंगण किंवा बाल्कनी आहे अशा ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना खडकावरची झाडं लावायची तर सुरुवात इथून करावी. मोठा दगडी उतार रचण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नये.

डोण आतून किमान 15, शक्यतो 20 सेंटिमीटर खोल हवी. तळाला 2.5 सेंटिमीटरचं निदान एक भोक, त्यावर जाळीचा तुकडा. डोण जमिनीवर थेट टेकवायची नाही, विटांवर उचलून ठेवायची. नाहीतर भोक चिखलानं बुजतं आणि वर केलेली सगळी मेहनत फुकट जाते. मिश्रण मापानं: एक भाग मातीवर आधारलेलं कंपोस्ट, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग 3 ते 6 मिलिमीटरची खडी. घट्ट गादी करणाऱ्या झाडांसाठी खडीचं प्रमाण वाढवून निम्म्यापर्यंत न्यायचं. बांधकामाची बारीक वाळू खडीऐवजी वापरू नका. तिचे कण मातीच्या फटी बुजवतात आणि मिश्रण सिमेंटसारखं बसतं. हौशी लोकांच्या डोणी बिघडतात त्या जास्त करून याच चुकीनं. दोन-तीन मोठे दगड दोन तृतीयांश पुरून, एकाच दिशेला कलते ठेवा. लहान लहान दहा दगड वर मांडले तर ते मिठाईवरच्या बदामांसारखे दिसतात आणि झाडाला त्यांचा उपयोगही होत नाही, कारण मुळं ज्या गार फटीत शिरतात ती फट पुरलेल्या दगडालाच असते.

खरी दगडी डोण महाग असते आणि चार जणांशिवाय हलत नाही. पर्याय म्हणजे हायपरटफा: मापानं एक भाग सिमेंट, एक भाग भरड वाळू, दोन भाग चाळलेलं कोकोपीट. हातमोजे आणि मास्क घालूनच कालवायचं. पुठ्ठ्याची एक खोकी दुसरीत, मध्ये 5 सेंटिमीटरची फट. तळाचा थर 5 सेंटिमीटर, त्यात भोकांसाठी लाकडी खुंट्या उभ्या करायच्या, मग कोंबड्यांच्या जाळीचा तुकडा आत घालून बाजू ठासत वर न्यायच्या. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. पाणी जास्त झालं की बाजू खाली बसतात आणि वाळताना तडे जातात. वरून प्लास्टिकनं झाकून एक-दोन दिवसांनी खोकी काढायची आणि कडा तारेच्या ब्रशनं खरवडायच्या, म्हणजे कोरीव दगडासारखी दिसते. पुढे तीन-चार आठवडे ओलसर ठेवून पक्की होऊ द्यायची, आणि त्यानंतर अनेकदा पाणी भरून ओतायचं. हे शेवटचं काम टाळलं तर सिमेंटमधला ताजा चुना कोवळी मुळं भाजून टाकतो, आणि दोष रोपवाटिकेच्या माथी जातो.

पुण्या-नाशिकच्या गच्चीवर हीच डोण चालेल, झाडं मात्र ही नाहीत. उन्हाळ्यातल्या गरम रात्री त्यांना सोसत नाहीत. दिवसाच्या उन्हापेक्षा ती ऊब घातक. त्या डोणीत अ‍ॅडेनियम आणि एचेवेरिया उत्तम राहतील. कासच्या किंवा कोकणच्या सड्यांवरून झाडं उपटून आणून लावू नयेत हे वेगळं सांगायला नको, पण तरी सांगतो.

बाहेरचा उतार

आता मुख्य रॉक गार्डन. ही बाग मुळात 1670 साली औषधी वनस्पतींसाठी सुरू झाली आणि 1820 नंतर सध्याच्या इन्व्हर्लीथच्या जागेत आली. बागेचे क्युरेटर जेम्स मॅकनॅब यांनी 1870च्या दशकाच्या सुरुवातीला इथे पहिलं रॉक गार्डन रचलं. त्यात पाच हजारांहून जास्त छोटे छोटे दगडी कप्पे होते, प्रत्येकात एक झाड. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं सोयीचं, पण डोंगरासारखं काहीच नव्हतं, आणि त्यावर पुढे खूप टीका झाली. 1908 ते 1914 या काळात बागेचे तेव्हाचे प्रमुख आयझॅक बेली बाल्फर यांच्या देखरेखीखाली ते नव्यानं बांधलं गेलं. आज दिसतात ते दगड थरांत, एकाच दिशेला कललेले, जमिनीतूनच वर आल्यासारखे. दगडाचा वरचा पृष्ठभाग मागे, उताराच्या आत झुकलेला आहे हे बाजूनं बघितलं की कळतं. पुढे झुकलेला दगड पावसाचं पाणी खाली फेकून देतो आणि त्याच्याखालचं झाड उन्हाळ्यात तहानेनं मरतं. मागे झुकलेला दगड तेच पाणी मुळांकडे पाठवतो.

दक्षिणेकडच्या तापणाऱ्या अंगावर लेविसिया कोटिलेडॉन शोधा. गुलाबी, केशरी, पट्ट्यापट्ट्यांची फुलं, जाड मांसल पानांचा गुच्छ, मूळ ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतलं. नीट लावलेली लेविसिया आडवी असते, म्हणजे उभ्या फटीत, तोंड बाहेर करून. सपाट जमिनीत लावली की गुच्छाच्या वाटीत पाणी साचतं आणि मान कुजते. सुकलेली पानं आणि फुलांचे दांडे वेळच्या वेळी काढून टाकावे लागतात. चुना तिला मानवत नाही, तेव्हा खडी ग्रॅनाइटची घ्यायची.

उत्तरेकडच्या अंगावर, जिथे सूर्य फक्त सकाळी किंवा संध्याकाळी तिरका पोचतो, तिथे रॅमोंडा मायकोनी. पिरेनीजच्या सावलीतल्या कड्यांवरचं हे झाड. सुरकुतलेल्या, लवदार पानांचा गुच्छ दगडाला चिकटलेला, आणि त्यावर जांभळी फुलं, मध्ये पिवळी सुळक्यासारखी टोकं. वांग्याचं फूल डोळ्यांसमोर आणा, बरंच तसं. कूळ मात्र वांग्याचं नाही, आफ्रिकन व्हायोलेटचं, आणि म्हणूनच त्यासारखीच पानापासून रोपं करता येतात. दुष्काळात पानं तपकिरी कागदासारखी गुंडाळून पडतात. मेलं म्हणून उपटू नका, पाणी मिळालं की पुन्हा हिरवी होतात. या एका झाडासाठी उत्तरेकडची भिंत रचावी असं ते आहे.

उताराच्या पायथ्याशी आणि झाडांच्या विरळ सावलीत सगळं उलट होतं. इथे ओलसर, आम्लधर्मी, पालापाचोळ्यानं समृद्ध माती, आणि हिमालय व नैऋत्य चीनमधल्या युनान प्रांताची झाडं. एडिंबराचं आणि त्या डोंगरांचं नातं जुनं: वनस्पती गोळा करणारे जॉर्ज फॉरेस्ट यांनी 1904 ते 1932 मधल्या युनानच्या मोहिमांतून पाठवलेली झाडं आणि बियाणं या बागेनं वाढवलं. केशरी प्रिम्युला बुलेयाना, आणि लाल कळ्यांच्या टोकाखाली फिकट जांभळी फुलं उघडत जाणारी प्रिम्युला व्हिआली, दोन्ही जूनमध्ये बघायला मिळतात.

आणि निळी मेकोनॉप्सिस. फुलांच्या घाटीत ट्रेकला गेलेल्यांनी मेकोनॉप्सिस अ‍ॅक्युलिएटा पाहिली असेल, जुलै-ऑगस्टमधली, काटेरी, दगडांच्या आडोशाला उगवणारी. इथे दिसतात त्या मोठ्या फुलांच्या, कमरेएवढ्या उंच. तसेच वनस्पती-संग्राहक फ्रँक किंगडन-वॉर्ड यांनी 1924 साली तिबेटच्या आग्नेय भागातून बी आणल्यावर त्या ब्रिटनमध्ये पसरल्या. 'लिंगहोम' आणि 'स्लीव्ह डोनार्ड' या दोन जातींत एक महत्त्वाचा फरक आहे: पहिलीला बी धरतं, दुसरी वांझ आहे आणि तिची वाढ गड्डे वेगळे करूनच होते. म्हणून 'स्लीव्ह डोनार्ड'चं बी म्हणून कुणी विकत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे. दर तीन-चार वर्षांनी फुलोऱ्यानंतर गड्डे फोडून नव्या मातीत लावले नाहीत तर झाड खचत जातं. दक्षिण इंग्लंडच्या कोरड्या उन्हाळ्यात ती रडतखडत जगते, स्कॉटलंडमध्ये गारव्यामुळे मनासारखी होते. महाराष्ट्रात हे बी मागवून पैसे घालवू नका.

दोन परदेशी पाहुणे चुकवू नयेत. न्यूझीलंडची सेल्मिसिया, चांदीसारखी तलवारीची पानं आणि पांढरी डेझीची फुलं, लंडनजवळ हिला घाम फुटतो, इथे मात्र ती रमते. आणि दक्षिण आफ्रिकेच्या ड्रॅकेन्सबर्गमधली रोडोहायपॉक्सिस, गुलाबी-पांढरी, बोटभर उंच. तिचं चक्र आपल्या पावसाळी कंदांसारखं आहे: उन्हाळ्यात भरपूर पाऊस, हिवाळ्यात पूर्ण कोरडं. म्हणून ती कुंडीत लावून ऑक्टोबरपासून छपराखाली सुकवतात. जमिनीत ठेवली तर फेब्रुवारीपर्यंत कुजते.

उणिवा आणि व्यवहार

पाट्यांवर शास्त्रीय नाव, कूळ आणि मूळ प्रदेश असतो, पण फुलण्याचा काळ किंवा मातीची गरज नसते. नवख्याला त्यामुळे अडखळायला होतं. पाटीवरचा आठ आकडी नोंदक्रमांक मात्र वाचायला शिका: पहिले चार आकडे म्हणजे ते झाड बागेत दाखल झालं ते साल. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा एखाद्या बुटक्या झुडपावर दिसला की त्याच्याकडे बघण्याची नजरच बदलते. रॉक गार्डनमधल्या बऱ्याच वाटा दगडी पायऱ्यांच्या आणि अरुंद आहेत. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर कडेच्या रुंद वाटेवरूनच बघावं लागतं. यार्ड त्या मानानं सपाट आहे. पावसानंतर दगड निसरडे होतात, चपलांनी जाऊ नका. कुत्र्यांना बागेत प्रवेश नाही. वेव्हर्ली स्टेशनहून चालत साधारण अर्धा तास, उतारच आहे. बसनं यायचं तर 8, 23 आणि 27 क्रमांकाच्या बस इन्व्हर्लीथ रोवरच्या पूर्व फाटकाशी थांबतात.

पश्चिम फाटकाच्या इमारतीत दुकान आहे आणि तिथे रोपंही मिळतात. इथून काय किंवा दुसऱ्या रोपवाटिकेतून काय, रोप निवडताना फुलं मोजू नका. कुंडी उचलून बघा. आकाराच्या मानानं फार जड असेल तर माती पाण्यानं तुडुंब आहे. पृष्ठभागावर चपटं हिरवं शेवाळ चढलं असेल तर तीच गोष्ट. गादीवर बोट हलकेच दाबा: घट्ट लागली पाहिजे, पोकळ किंवा मध्ये तपकिरी असेल तर परत ठेवा. भारतात रोप किंवा बी न्यायचं असेल तर आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र दोन्ही लागतं. बॅगेत घालून नेऊ नका.

तुलना करायची तर लंडनच्या क्यू गार्डन्समधलं 2006 सालचं डेव्हिस अल्पाइन हाऊस वास्तुरचना म्हणून थोर आहे: जमिनीखालच्या काँक्रीटच्या चक्रव्यूहातून गार हवा आत येते आणि उंच कमानीतून गरम हवा निघून जाते. झाडं मात्र तिथे प्रदर्शनात ठेवल्यासारखी वाटतात, आणि क्यूला तिकीट आहे. निळ्या मेकोनॉप्सिससाठीच जायचं असेल तर स्कॉटलंडमधल्याच पर्थचं ब्रँकलिन गार्डन, अवघं दोन एकरांचं, एडिंबराहून रेल्वेनं सव्वा-दीड तासांवर. आणि स्वित्झर्लंडला सहलीला जाणाऱ्या शेकडो मराठी कुटुंबांना सांगायचं ते हे: इंटरलाकेनहून युंगफ्राउकडे जाताना पहिलंच स्टेशन विल्डर्सविल लागतं. तिथे उतरून दात्यांच्या रुळांची छोटी गाडी पकडली की पन्नासेक मिनिटांत 1,967 मीटरवरच्या शिनिगे प्लाटेला पोचता. वरच्या अल्पाइन बागेत 600 हून जास्त जातींची स्विस डोंगरी झाडं त्यांच्याच मातीत, त्यांच्याच दगडांत उभी आहेत. तिथला बहर एडिंबराच्या मागून येतो, जूनअखेर ते जुलैचा मध्य; मेच्या सुट्टीत गेलात तर वर बर्फ असतो आणि ती गाडीही सुरू झालेली नसते.